नकारांनी राखलेला किनारा

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याने मालागाकडून पूर्वेस निघालेल्या प्रवाशास आरंभी उंच उंच पर्यटकनिवासांची आणि पुढे आल्मेरियाच्या अलीकडे भाजीपाल्याच्या हरितगृहांवर ताणलेल्या पांढऱ्या प्लास्टिकची इतकी सवय जडते की, आल्मेरिया शहर मागे पडून काबो दे गाताचे भूशिर दृष्टिपथात आले, आणि ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडलेले काळपट कडे, त्यांच्या कुशीतली मोकळी पुळण व तिच्यामागचे उजाड माळ दिसू लागले म्हणजे, या मुलखाला मनुष्याचा हात कधी लागलाच नसावा असा त्याचा सहज ग्रह होतो. तो ग्रह रम्य असला तरी खरा नाही. हा किनारा आज आहे तसा राहिला याचे श्रेय निसर्गाच्या दुर्गमतेला थोडे आणि वेळेवर नकार देणाऱ्या माणसांना अधिक द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

दुर्गमतेचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस आणि तोही लहरी. युरोप खंडात इतका कोरडा प्रदेश क्वचितच सापडेल. अशा जमिनीत पंखाकृती पानांचा, कमरेच्या वर फारसा न वाढणारा ‘पाल्मितो’ हा बुटका ताड आपल्या बळावर तग धरून असतो, आणि आपल्या बोरीच्याच गोत्रातले एक काटेरी झुडूप खोल मुळांनी ओल शोधीत वाळूच्या टेकाडांवर पसरलेले आढळते. घायपात मात्र इथली नव्हे; ती मूळची मेक्सिकोची, वाखासाठी मुद्दाम आणून लावलेली. वाखाचा धंदा बुडाला, झाडे उरली, आणि आता त्याच उपऱ्या झाडांचे उंच फुलोरे या प्रदेशाची ओळख म्हणून चित्रांतून मिरवतात, ही मौजच म्हणायची.

या किनाऱ्याची खरी संपत्ती पाण्याखाली आहे. पोसिदोनिया नावाची जी वनस्पती इथे समुद्रतळावर कुरणेच्या कुरणे व्यापून आहे, तिला कोणी शेवाळ समजू नये; तिला मुळे आहेत, पाने आहेत, फुले येतात आणि फळेही धरतात. माशांची पिले तिच्यात आसरा घेतात, लाटांचा जोर तिच्यात मोडतो, तळाची वाळू तिच्या मुळांनी बांधली जाते. हिवाळी वादळांनंतर तिची सुटलेली पाने किनाऱ्यावर तपकिरी ढिगांनी साचतात, आणि त्यांतच मुठीत मावतील असे गोळे पडलेले दिसतात. एखादा गोळा उचलून बोटांनी उकलू लागावे तर आत काथ्यासारखे राठ तंतू एकमेकांत असे काही गुंतलेले असतात की ते सुटता सुटत नाहीत. लाटांनी महिनोन्महिने लोळवून वळलेली ही गुंडाळी आहे. पर्यटकांना हे ढीग म्हणजे कचरा वाटतो. वस्तुतः पुळणीची धूप थोपविणारा तो बांध आहे, आणि तो उचलून नेणे म्हणजे वाळू वाहून जाण्यास मोकळीक देणे होय.

मनुष्याच्या व्यवहाराची साक्ष तर पावलोपावली मिळते. भूशिराजवळच्या मिठागरांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते मिठाच्या कामासाठी समुद्राचे पाणी आत घेतले जाते म्हणून. ते काम थांबले तर उन्हाळ्यात ही तळी कोरडी पडतील. रोदालकिलार येथील सोन्याची खाण १९६६ साली बंद पडली, आणि तिच्याभोवतीचे गाव ओस पडत गेले. दारिद्र्याने आणि सरकारी उपेक्षेने हा इलाखा जसा राखला तसे त्यांनी इथल्या कित्येकांना देशोधडीलाही लावले, हे विसरून त्या उपेक्षेचे गोडवे गाणे मला प्रशस्त वाटत नाही.

उपेक्षा संपली आणि जमिनीला भाव आला तेव्हाच खरी कसोटी लागली. हेनोवेसेसच्या उपसागराभोवती मोठी मालमत्ता बाळगून असलेल्या फ्रान्सिस्का दियास तोर्रेस, ज्यांना सारा मुलूख ‘डोन्या पाकिता’ म्हणून ओळखी, त्यांनी बांधकाम व्यावसायिकांना जमीन विकण्याचे अखेरपर्यंत नाकारले. १९८७ मध्ये हा प्रदेश लगतच्या समुद्रासह संरक्षित उद्यान ठरला. १९८८ च्या किनारा कायद्याने पुळण ही सार्वजनिक मालकीची आहे हे तत्त्व अधिक घट्ट केले. १९९७ मध्ये युनेस्कोने या प्रदेशास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. योगायोग असा की, १९८७ सालीच आपल्या मालवणचे सागरी अभयारण्यही जाहीर झाले, आणि तिथल्या मच्छीमारांचा त्यास विरोध राहिला. त्या विरोधाचे मर्म पुढच्या हकिकतीवरून कळण्यासारखे आहे.

उद्यानाच्या उत्तर टोकाशी कार्बोनेरास नावाचे गाव आहे. तेथील आल्गारोबिकोच्या पुळणीवर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटासाठी अकाबा शहराचा देखावा उभारला गेला होता. तो काम होताच नाहीसा झाला. त्याच पुळणीवर २००३ मध्ये नगरपालिकेच्या परवान्याने चारशेंहून अधिक खोल्यांचे एक प्रचंड हॉटेल उभे राहू लागले, ते मात्र नाहीसे होईना. २००६ मध्ये न्यायालयाने काम तहकूब करविले, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन बांधकामास वर्ज्य असल्याचा निवाडा दिला. तरीही अपिले, नुकसानभरपाईचे दावे आणि पाडकामाचा खर्च कोणी सोसावा यावरचा कज्जा यांत वर्षांमागून वर्षे लोटली आणि सांगाडा उभाच राहिला. एक परवाना नाकारण्यास एक शेरा पुरला असता. दिलेला परवाना पुसून काढण्यास देशातली सगळी न्यायासने कमी पडली.

तो सांगाडा पाडला पाहिजे याविषयी मला संदेह नाही. पण हॉटेल हवे म्हणणारे कार्बोनेरासचे रहिवासी हे निसर्गाचे वैरी होते असे मी म्हणणार नाही. सिमेंटचा कारखाना आणि कोळशावरचे वीजकेंद्र यांवर ज्या गावाने उपजीविका केली, आणि ज्याचे ते वीजकेंद्रही पुढे बंद झाले, त्या गावाने रोजगाराच्या आशेने त्या इमारतीकडे पाहिले तर त्यात नवल ते काय? मालवणच्या मच्छीमारांच्या विरोधाचे मर्मही चरितार्थाच्या याच काळजीत आहे. पाडकामाच्या अंदाजपत्रकात या गावाच्या चरितार्थाची रक्कमही दाखल झाली पाहिजे, आणि ती दगडमातीच्या वाहतुकीच्या आधीच्या रकान्यात असावी.