हार्ड डिस्कची लिपि

गेल्या वैशाखांत उंबरमाळीस आमच्या वडील बंधूंचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा झाला. त्याची चित्रफीत ११ जीबींच्या एकाच फाइलींत आली. ती नाशिकच्या पुतण्याच्या विंडोजवर, पुण्यास मुलीच्या मॅकवर आणि येथें घरच्या टीव्हीवर पाहतां यावी, अशी सर्वांची इच्छा. घरीं ५०० जीबींची हार्ड डिस्क बहुतेक रिकामीच होती. तरीहि संगणकानें सांगितलें कीं, फाइल फार मोठी आहे. एवढ्या कणगींत पायलीभर धान्य मावेना, हें कोडें आम्हांस उलगडेना.

त्याचें उत्तर डिस्कच्या आकारांत नसून तिच्या फॉरमॅटमध्यें होतें. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर नोंदी ठेवण्याची पद्धत. तिला डिस्कची लिपि म्हणावयास हरकत नाहीं. आजोबांच्या हातचे मोडी कागद आमच्या पेटींत अद्याप आहेत. शाई उडालेली नाहीं, कसर लागलेली नाहीं. परंतु घरांत तें अक्षर लावणारा एकहि नाहीं. डिस्कचेंहि तसेंच आहे. लिहिणाऱ्याची सोय पाहून भागत नाहीं, वाचणारा कोण हें आधीं पाहावें लागतें.

आमची डिस्क फॅट३२ पद्धतीची होती. या पद्धतींत फाइलीचा आकार नोंदण्यास शून्य किंवा एक लिहिण्याचीं बत्तीसच घरें असतात. त्यामुळें एक फाइल फार तर ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची, म्हणजे सुमारें ४ जीबींची, असूं शकते. डिस्क कितीहि मोठी घेतली तरी ही मर्यादा सुटत नाहीं.

दुसरी पद्धत एनटीएफएस. ही १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आली. हिच्यांत बदलांची रोजकीर्द ठेवलेली असते, म्हणून मध्येंच वीज गेली तरी हिशेब सहसा जुळवितां येतो. मात्र मॅक ती वाचतो, पण निराळा प्रोग्राम घातल्यावांचून तींत लिहीत नाहीं. उलट मॅकची स्वतःची एपीएफएस पद्धत विंडोजला मुळींच वाचतां येत नाहीं.

तिसरी एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टनें ती २००६ सालीं आणली. विंडोज व मॅक दोघेहि तींत वाचतात आणि लिहितात. २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यांतहि तिची सोय झाली आहे. मोठ्या फाइली अनेक संगणकांवर फिरवावयाच्या असल्यास हीच घ्यावी. तिच्यांत रोजकीर्द नाहीं, हें मात्र विसरूं नये. संगणकास 'इजेक्ट' सांगितल्याविना डिस्क ओढून काढूं नये. कित्येक जुने टीव्हीहि ही पद्धत वाचीत नाहींत. म्हणून आधीं एक लहान फाइल घालून पाहावी.

हें सर्व आम्हांस उशिरां कळलें. आम्ही डिस्क एका दुकानीं नेली. दुकानदारानें विचारलें नाहीं, आम्हींहि सांगितलें नाहीं. त्यानें ती एनटीएफएस करून दिली. चित्रफीत मावली, मुलीच्या मॅकवर दिसलीहि. पण तिला आपल्याकडचीं छायाचित्रें तींत घालतां येईनात. आठ दिवसांनीं बंधूंनीं विचारलें, "अरे, हिच्या ओव्या कुठें गेल्या?"

चार वर्षांपूर्वीं वारलेल्या आमच्या वहिनींच्या आवाजांतील ओव्या त्याच डिस्कवर होत्या, आणि दुसरीकडे कोठेंहि नव्हत्या. फॉरमॅट बदलणें म्हणजे पाटी पुसणें, हें कोणाच्या ध्यानांतच आलें नव्हतें. पुसलेलें शोधणारे प्रोग्राम असतात. परंतु त्याच जागीं नवें लिहिलें गेलें कीं त्यांचाहि इलाज चालत नाहीं. जाणत्याकडून शोध करविला, तेव्हां दोन ओव्या हातीं लागल्या. बाकीच्या गेल्या.

तेव्हां घरोघरच्या कर्त्या मंडळींस एवढेंच सांगणें आहे. डिस्क नवी आणतांच, ती रिकामी असतांनाच, कोणाकोणास वाचावयाची तें विचारून फॉरमॅट ठरवावा. जुनी डिस्क बदलावयाची तर आधीं तिच्यावरील सर्व कांहीं दुसरीकडे उतरवून, तें उघडून पाहावें. आणि जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या घरीं असावी.

उरलेल्या दोन ओव्या आतां नाशिकास आहेत, पुण्यास आहेत आणि येथेंहि आहेत. बंधु रोज सायंकाळीं त्या ऐकतात.