रेड अलर्ट जिल्ह्याला, दरड वाडीवर



जुलै उजाडला की ‘रायगड, रत्नागिरी, सातारा : रेड अलर्ट’ अशी पट्टी टीव्हीवर फिरू लागते. अख्ख्या जिल्ह्याला दिलेला हा इशारा डोंगराखालच्या वाडीला काय सांगतो? घर आज रात्री सोडायचे की नाही, एवढेच तिला हवे असते आणि नेमके तेच त्यात नसते.

पुरापुरते तरी आम्हा कोल्हापूरकरांचे बरे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. पावसाळ्यात भेटेल तो ‘किती फूट झालं?’ म्हणूनच विचारतो. त्या आकड्यावर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची जनावरे हलतात, दुकानांतला माल माळ्यावर चढतो.

डोंगराखालच्या माणसाच्या हाती असा आकडा नाही. २०१४ मध्ये माळीणला दरडीखाली १५१ माणसे गेली. पुढे २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. पण यादी वाढवून भागणार नाही. यादी फार तर ‘कुठे’ ते सांगेल. ‘केव्हा’ ते त्याच उतारावर दोन-तीन दिवसांत मुरलेला पाऊस सांगतो. तो मोजायचा तर मापक वाडीतच हवा. महसूल मंडळाचे पर्जन्यमापन केंद्र खाली सपाटीवर असेल, तर वरचा पाऊस त्याला कळत नाही. डोंगरावर किती पडू शकतो, तर जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला, हे विसरू नये.

केरळातल्या वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने गावोगावी लोकांच्या मदतीने पर्जन्यमापक बसवले आहेत. ३० जुलै २०२४ च्या दरडीच्या आदल्या दिवशीच तिने जिल्हा प्रशासनाला सावध केले होते. तरी मुंडक्कई-चूरलमला येथे शेकडो जीव गेले. म्हणजे आकडा मिळूनही, त्यावर गाव हलवण्याचा अधिकार कोणाचा हे आधी ठरलेले नसेल, तर आकडा कागदावरच राहतो.

‘दरड आलीच नाही, तर पुढच्या वेळी लोक हलणार नाहीत,’ असे अधिकारी म्हणतात. चिखलीचे लोक पाणी घरात न शिरलेल्या वर्षीही बाहेर पडले आहेत; कारण आकडा त्यांना स्वतःला दिसतो. वरून आलेल्या हुकमावर माणूस शंका घेतो, स्वतः मोजलेल्या पावसावर नाही.

म्हणून शासनाला विनंती : डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक बसवा, तो वाचायला तिथल्याच दोघा-तिघांना शिकवा. किती पावसाला वाडी सोडायची, हे भूवैज्ञानिकांकडून उतार पाहून ठरवून घ्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवा. तेवढा पाऊस झाला की तहसीलदारांच्या फोनची वाट न पाहता वाडी हलवण्याचा अधिकार पोलीस पाटलांना लेखी द्या. इर्शाळवाडी आणि वायनाड, दोन्हीकडे दरड रात्री आली. त्यामुळे निर्णय अंधार पडण्याआधी व्हायला हवा. निवाऱ्याची जागा, गुरांच्या गोठ्यासह, मेअखेर तयार ठेवा. गुरे मागे ठेवून कोणी घर सोडत नाही.

– एक वाचक, कोल्हापूर