ट्रॅक्टरच्या रेडिएटरास रंग द्यावा काय?

दसऱ्याच्या पूजेसाठीं शेतकरी बंधू ट्रॅक्टर धुऊन, रंगवून सजवितात. त्यांत कोणी उत्साहानें रेडिएटरच्या जाळीवरही काळ्या ऑइलपेंटचा कुंचला फिरवितात व ‘काळा रंग उष्णता बाहेर टाकतो’ असें कारण सांगतात. हें कारण सर्वस्वीं खोटें नव्हे. परंतु ह्या कामीं तें गैरलागू आहे, असें आमचें मत आहे.

जॉन लेस्ली ह्या शास्त्रज्ञानें 1804 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, गरम पाण्याच्या धातूच्या भांड्याची काजळी लावलेली बाजू चकचकीत बाजूपेक्षां पुष्कळच अधिक उष्णता किरणरूपानें टाकते. मात्र ही उष्णता डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांची असते. त्यांना काळा ऑइलपेंट काय आणि पांढरा काय, बहुतेक सारखाच. उन्हांत काळें अधिक तापतें, ती गोष्ट निराळी.

आतां हिशेब पाहूं. जाळी 90 अंश व हवा 45 अंश असतां पूर्ण काळा पृष्ठभागही दर चौरस मीटरास सुमारें 400 वॅटच किरणांनीं टाकतो. जाळीचें तोंड पाव चौरस मीटर धरिलें, तर 100 वॅट झाले. उलट 40 अश्वशक्तीचें एंजिन पूर्ण भारावर असतां पाण्यावाटे जाणारी उष्णता वीस हजार वॅटांच्या घरांत असते. म्हणजे रंगाचा वांटा रुपयांत अर्धा पैसा! बाकी बहुतेक सारी उष्णता पंख्याची हवा नेते.

कारखान्यांत दिलेला पातळ थर धातु गंजूं नये म्हणून असतो. त्यास आमची हरकत नाहीं. कुंचल्याचा जाड थर मात्र पाकळ्यांमधील फटी बुजवितो व धातु आणि हवा यांमध्यें आडपडदा होतो. त्यांतच दसरा होतो न होतो तोंच मक्याची मळणी येते. ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागीं चालतो, भुसकट जाळींत अडकतें, पाणी उकळतें आणि हेड गॅस्केट जातें. ऐन हंगामांत मळणी थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं.

तेव्हां रंगाचा खर्च वांचवून एंजिन थंड असतां पंख्याच्या बाजूनें बेताची हवा मारून जाळी रोज साफ करावी, पट्ट्याचा ताण व पाण्याची पातळी पाहावी, आणि गरम असतां झांकण कदापि उघडूं नये. रंग द्यावयाचाच, तर ट्रॅक्टर ज्या छपराखालीं उभा असतो त्याच्या पत्र्यांस वरून पांढरा द्यावा. तेथें ऊन परतविण्यास तो खरोखर उपयोगी पडतो. वाचकांनीं ह्याचा विचार करावा, अशी विनंति आहे.