किंडलमध्ये पुस्तक सापडायचं असेल तर

तुमच्या किंडलची यादी एकदा लेखकानुसार लावून बघा. पु. ल. देशपांडे एका जागी असतील, टिंबाला टिंब चिकटवलेले ‘पु.ल.देशपांडे’ दुसरीकडे, पूर्ण नावाचे पुरुषोत्तम लक्ष्मण तिसरीकडे, आणि रोमन लिपीतले पार इंग्रजी लेखकांच्या गर्दीत. आपल्या लेखी माणूस एक, यंत्राच्या लेखी चौघे. एखादी मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी ते लेखक वेगळा धरतं.

जागा पुरत नाही, ही तक्रार सहसा खरी नसते. निव्वळ मजकुराचं ईपब बहुधा एक-दोन एमबीचं. १६ जीबीच्या किंडलमध्ये अशी हजारो मावतात. घोडं अडतं ते शोधण्यापाशी.

बरेच जण केबल लावून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये कथा, कादंबरी, चरित्र असे फोल्डर करतात. ती मेहनत फुकट जाते. किंडल ते फोल्डर पडद्यावर दाखवतच नाही. कप्पे हवे असतील तर ‘कलेक्शन’ करावं लागतं. ईपब फाइलचं नाव बदलूनही भागत नाही, कारण शीर्षक आणि लेखक फाइलच्या पोटात वेगळे नोंदलेले असतात आणि यादीत तेच उमटतात.

तेव्हा आवराआवर संगणकावर करा, पुस्तक किंडलवर चढवण्याआधी. कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या ई-रीडरसाठी ते लिहायला घेतलं. आज ते बहुतेक ई-रीडरना चालतं. डावीकडे लेखकांची यादी दिसते. चुकीच्या नावावर राइट क्लिक करून ‘रीनेम’ करा, त्या लेखकाची सगळी पुस्तकं एका फटक्यात दुरुस्त होतात. मालिकेतलं पुस्तक असेल तर ‘सीरीज’च्या रकान्यात भागाचा क्रमांक भरा; नाहीतर ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधी येऊन बसू शकतो. मग किंडलवरची जुनी प्रत काढून सुधारलेली पाठवा.

कलेक्शन मोजकीच ठेवा. ‘चालू’, ‘वाचायची’, ‘संदर्भ’ एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. वीस विषयांचे वीस कप्पे पहिल्या उत्साहात होतात, नंतर ते कोणी सांभाळत नाही. विकत घेतलेलं पुस्तक नुसतं नजरेआड करायचं असेल तर ‘रिमूव्ह डाउनलोड’ निवडा. ते खात्यात राहतं. ‘परमनंटली डिलीट’ला मात्र विचार करूनच हात लावा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या त्या पीडीएफ? त्यांच्यावर पहिली कात्री चालवा. सहा इंची पडद्यावर स्कॅन केलेलं पान वाचवत नाही, हे एक. दुसरं, आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे आजच्या लेखकांच्या अशा फाइली बहुतेक चोरीच्याच असतात.

मराठी ई-पुस्तकं बनवणाऱ्यांनाही एक विनंती: फाइल बाहेर सोडण्याआधी शीर्षक आणि लेखक हे दोन रकाने देवनागरीत, नीट भरा. दोन मिनिटांचं काम आहे.