मोरचूद बागेला, तांबे चेहऱ्याला?

भगिनींनो, हल्ली मोबाईलवर एका निळ्याशार सीरमची जाहिरात घरोघरी पोचली आहे. ‘कॉपर पेप्टाइड’ म्हणजे तांब्याचे सीरम. चार थेंब लावा, सुरकुत्या जातील, कातडी तुकतुकीत होईल असे सांगतात. लग्नसराई जवळ आली की मुली ते मागवतात, आणि घरातली वडीलधारी म्हणते, ‘तांबेच लावायचे तर मोरचूद आहे की घरात!’ हे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही, कारण नायट्यावर आणि गजकर्णावर मोरचूद चोळण्याची खोड अजून काही घरांतून गेलेली नाही.

तांबे शरीराला लागते, यात शंका नाही. कातडीचा चिवटपणा कोलॅजन नावाच्या धाग्यांमुळे असतो. हे धागे एकमेकांना सांधणाऱ्या एन्झाइमचे काम तांब्यावाचून अडते. केसांना काळा रंग देणारे एन्झाइमही तांब्याचेच. चाऱ्यात तांबे कमी पडले की काळ्या जनावराचे केस तांबूस, विटके दिसू लागतात, आणि मेंढीच्या लोकरीचा कुरळेपणा जाऊन ती तारेसारखी सरळ होते. पण हीच मेंढी तांबे थोडे जास्त झाले तरी दगावते. गाईचे खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका, असे पशुवैद्य सांगतात ते त्यासाठीच. तेव्हा तांबे किती आणि कोणत्या रूपात, हे दोन्ही पाहावे लागते.

रूपाची गोष्ट द्राक्षबागायतदारांच्या घरात लगेच पटेल. नुसता मोरचूद पाण्यात विरघळवून वेलीवर मारला तर पाने करपतात. त्यात चुना पडला की तोच मोरचूद सौम्य होतो. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा, म्हणजे आपला डाऊनी, येत नाही हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्याने हे मिश्रण जगापुढे मांडले. आजही आपण १ टक्क्याच्या बोर्डोला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी धरतो, आणि विळ्याचे पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना आणखी हवा.

सीरममध्ये तांब्याला असेच बांधून ठेवलेले असते, फक्त चुन्याऐवजी प्रथिनाच्या एका बारीक तुकड्याने. ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन ही तीन अमिनो आम्ले जोडून तो तुकडा होतो. लॉरेन पिकार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली तो माणसाच्या रक्तद्रवातून वेगळा केला. म्हणजे वस्तू शरीराला परकी नाही. सीरमचा निळा रंग या धरून ठेवलेल्या तांब्याचा.

आता उपयोगाचे. फ्रान्समधील संशोधकांनी १९८८ साली दाखवले की काचपात्रात वाढवलेल्या कातडीच्या पेशी या तुकड्यामुळे जास्त कोलॅजन तयार करतात. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत जखमाही लवकर भरल्या. इथवर ठीक. पण काचपात्रातल्या पेशीवर छप्पर नसते. आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर कौलारू छपरासारखा पाणी बाहेरच ठेवतो, आणि हा तुकडा पाण्यात विरघळणारा; त्यातला फार थोडा भाग आत झिरपतो. पायाच्या जुनाट जखमांवर घेतलेली एक चाचणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तीत चांदीच्या मलमाने जखमा आटल्या, तांब्याच्या मलमाने मात्र नुसत्या मलमापेक्षा अधिक काही साधले नाही. सुरकुत्यांवरच्या चाचण्या थोड्याशा बायकांवर, थोडेच महिने झालेल्या. थोडाफार फरक पडतही असेल, पण जाहिरातीतल्या चेहऱ्याइतका नक्की नाही. उन्हात खुरपताना डोक्यावरून पुढे ओढलेला पदर सुरकुत्या जास्त थोपवतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

धडधाकट कातडीवर हे सीरम सहसा बाधत नाही. कुणाला आग होते, पुरळ उठते. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस पाहावे. क जीवनसत्त्वाचे सीरम त्याच वेळी लावू नये, तांब्यामुळे ते जीवनसत्त्व खराब होते. ज्यांना विल्सनचा आजार आहे, म्हणजे तांबे यकृतात साठत जाते, त्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये. आणि याचेच इंजेक्शन घ्या म्हणून कोणी सांगू लागला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. कातडीवर लावायची वस्तू टोचून घ्यायची नसते.

खरी भीती वेगळीच आहे. बाजारातल्या बिननावाच्या ‘गोरेपणाच्या’ डब्यांत पारा सापडतो. केरळात मलप्पुरम भागात २०२१ ते २०२३ या काळात अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे रोगी आढळले. म्हणून बाटली कुठलीही असो, तिच्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत पाहावी, व पावती ठेवावी. आत खरोखर हा पदार्थ असेल तर घटकांच्या यादीत ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ असे लिहिलेले असते.

राहिला मोरचूद. तो मोकळे तांबे. ओल्या, खाजवून सोललेल्या कातडीवर तो भाजतो, आणि नायटा जातच नाही. नायट्याला बुरशीनाशक मलम लागते, तेही डॉक्टरांनी दिलेले. मोरचूद डोळ्यात उडाला तर डोळा उघडा धरून निदान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि मग दवाखाना गाठा. निळे खडे पोरांना खडीसाखरेसारखे वाटतात, तेव्हा पिशवी कुलपात ठेवा. पोटात गेलाच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. तोंड धुऊन, मोरचुदाची पिशवी बरोबर घेऊन तडक सरकारी दवाखान्यात न्या. उलट्या आपोआप थांबल्या तरी घरी ठेवू नका, कारण यकृताला आणि मूत्रपिंडाला झालेली इजा पुढच्या एक-दोन दिवसांत दिसू लागते.