तबला बंद, मशीन चालू

या वेळी ‘नवं काय आलंय’मध्ये ज्या रेकॉर्डबद्दल लिहायचंय ती १९८२ सालची आहे. थांबा, पान उलटू नका! अ‍ॅसिड, इलेक्ट्रो, टेक्नो असलं काहीबाही ऐकणाऱ्या जगभरच्या पब्लिकसाठी ती खऱ्या अर्थानं २०१०मध्येच बाहेर आली. आणि आमच्या नांदेडच्या घरात तर ती गेल्या महिन्यात रिलीज झाली, तीही पेन ड्राइव्हवर. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मी नियम मोडत नाहीये.

रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. कलाकार चरणजित सिंग. (नांदेडात हे नाव घेतलं की समोरचा लगेच विचारतो, ‘गुरुद्वाऱ्याजवळ राहतात का?’ नाही हो, मुंबईचे.) हा माणूस साठ-सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, दोन्ही बर्मन... तुमच्या आईबाबांच्या आवडीच्या कुठल्या तरी गाण्यात त्यांची गिटार किंवा की-बोर्ड नक्की असणार. शिवाय स्वतःचा बँड आणि लग्नांचे कार्यक्रम. म्हणजे थोडक्यात, वाजवून पोट भरणारा वादक.

१९८०च्या आसपास सगळीकडे डिस्कोचा ताप होता. ‘आप जैसा कोई’ येऊन गेलं होतं, ‘डिस्को दीवाने’ घराघरात वाजत होतं. सिंग साहेबांनी वेगळाच विचार केला. राग घ्यायचे, खाली डिस्कोचा ठेका लावायचा आणि तबला बंद! त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं मशीन आणि टीबी-३०३ ही बेसची छोटी चंदेरी पेटी. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, दहा ट्रॅक. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली आणि ती सपशेल आपटली. क्लासिकलवाल्यांना ती पोरकट वाटली असणार, आणि डिस्कोवाल्यांना त्यात गाणं कुठंय ते कळलं नसणार. माझा अंदाज हं.

आता त्या चंदेरी पेटीची गंमत ऐका. टीबी-३०३ बाजारात आली १९८१ला, ती एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी. बेस गिटारवाला मित्र नाही आला तरी चालेल, मशीन वाजवेल, अशी आयडिया. पण आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. रबर ताणल्यासारखा, डबक्यात बेडूक बोलल्यासारखा. सुमारे दहा हजार नग बनले आणि १९८४मध्ये कंपनीनं उत्पादन बंद केलं. मग ती पेटी सेकंडहँड दुकानांत स्वस्तात पडून राहिली आणि शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. फ्यूचर नावाच्या ग्रुपनं सुरू असलेल्या पॅटर्नवर तिची बटणं नुसती पिळत राहायची असा उद्योग केला, आणि १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. तिथून अ‍ॅसिड हाऊस सुरू झालं असं पुस्तकं सांगतात. आज ओरिजनल ३०३ घ्यायची तर काही लाख मोजावे लागतात, बॉस!

आणि आमचे सिंग साहेब पाच वर्षं आधीच तेच मशीन घेऊन बसले होते. ३०३मध्ये स्लाइड नावाची सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. तुम्हाला-मला ती स्लाइड, त्यांच्या कानाला ती मींड! रागाला जे हवं होतं ते त्या खेळण्यात आयतंच सापडलं.

एदो बाऊमन या डच संग्राहकाला २००२मध्ये दिल्लीच्या एका दुकानात ही रेकॉर्ड मिळाली. त्यानं सिंग यांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१०ला स्वतःच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ लेबलवर ती पुन्हा काढली. गंमत म्हणजे अनेकांना वाटलं, हा बनाव आहे. कुणीतरी युरोपियन खोडकर निर्मात्यानं आज बनवून जुनं म्हणून खपवलंय! पुढे सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन हेच राग लाइव्ह वाजवून आले, समोर विशी-पंचविशीची पोरं नाचत होती. जुलै २०१५मध्ये मुंबईत ते गेले.

‘अ‍ॅसिड हाऊस भारतात जन्मलं’ असली फॉरवर्ड मात्र कृपया करू नका. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काही पुरावा नाही. दोन ठिकाणी दोन माणसांनी एकाच मशीनला चुकीच्या कामाला लावलं, एवढंच. मला तर यातच जास्त मजा वाटते. पूर्वज वगैरे झाले की लगेच पुतळा होतो.

तर हे सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन मी पनवेल-नांदेड एक्स्प्रेसनं निघालो. पुण्याहून गावाकडे जाणाऱ्या आम्हा लातूर-नांदेडवाल्यांची ही हक्काची गाडी. अर्धा डबा हिंजवडीत नोकरी करणारा, उरलेला अर्धा नोकरी शोधणारा. लातूरला माझं घर, पण या वेळी आधी नांदेडला आत्याकडे जायचं होतं. आतेभाऊ साउंडवाला आहे. म्हणजे मिरवणुकीत टेम्पोवर स्पीकरची भिंत उभी असते ना, त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसणारा. रिमिक्सही स्वतःच करतो.

त्याला भैरव ऐकवला. पहिला मिनिटभर काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दादा, बेस लई कमी हाय. पण पॅटर्न भारी हाय. कुणी केलंय हे?’ मी सांगितलं. ‘ब्याऐंशी साली? लॅपटॉप नसताना?’ एवढं बोलून त्यानं ट्रॅक ओढला, खाली हलगीचा लूप टाकला आणि दोन्ही जुळवत बसला. आत्या आतून ओरडली, ‘काय लावलालास रे सकाळी सकाळी!’

खरं सांगू? तो लूप खाली बसला तेव्हा मला टेक्नो पहिल्यांदा कळलं. डेट्रॉइटच्या हुआन अ‍ॅटकिन्सपासून आजपर्यंत सगळं ऐकलंय, हेडफोन लावून, मान डोलावत. पण एकच ठेका, वर हळूहळू बदलणारा आवाज, आणि पंधरा मिनिटांनी अंगात काहीतरी येणं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. माहूरच्या रेणुकेच्या, तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळात संबळ हेच करतो. एक तोंड चढ्या आवाजाचं, एक खर्जातलं, आणि रात्रभर तोच ठेका. हलगी तर वाजवण्याआधी जाळावर शेकतात, कातडं ताणलं जावं म्हणून. जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझरही आधी चालू करून गरम होऊ द्यावे लागतात, नाहीतर सूर हलतो. ही तुलना आतेभावाला सांगितली तर म्हणाला, ‘मंग आमचा अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर गरमच राहतोय की.’

बाकी ऐकण्यासारखं बरंच आलंय, भराभर सांगतो. ‘द एनआयडी टेप्स’, २०२३. अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग सिंथेसायझर बसवला होता, त्यावर गीता साराभाई आणि इतरांनी केलेले प्रयोग पॉल पर्गस यांनी तिथल्याच संग्रहातून बाहेर काढले. नाचायला उपयोगाचं नाही, रात्री दिवा बंद करून ऐका. अरुषी जैनचा ‘डिलाइट’, २०२४, मॉड्युलर सिंथवर बागेश्री. सुंदर आहे, पण ऑफिसात लावू नका, काम होणार नाही. आणि अंडरग्राउंड नसलं तरी क्रेटेक्सचं ‘तांबडी चामडी’ विसरून कसं चालेल? २०२४मध्ये मराठी हाऊस थेट स्पिनिन या डच लेबलवरून आलं. मला गाण्यापेक्षा त्यावर नाचणारी पब्लिक जास्त आवडली, पण ते असो.

आतेभावाकडे परत येऊ. तो आता दुकान सांभाळत नाही, पण २००८-०९च्या सुमारास मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. आठवतंय ना? एक जीबी कार्ड, दुकानदाराला म्हणायचं, ‘रिमिक्स टाका, नवीन.’ त्या रिमिक्सना ना लेबल ना कव्हर. मधूनच करणाऱ्याचं नाव खर्जातल्या आवाजात घुमायचं, तीच काय ती सही. नांदेड, लातूर, परभणी, उदगीर, प्रत्येक गावाचा रिमिक्सवाला वेगळा आणि कोणाचा ठेका कोणता हे पोरांना बरोबर ओळखू यायचं. १४ एप्रिलचं वेगळं, गणपतीचं वेगळं, १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीचं वेगळं. बर्लिनचा एखादा क्लब जेवढ्या अभिमानानं आपला आवाज सांगतो, तेवढंच हे होतं.

त्यातलं किती शिल्लक आहे, मी त्याला विचारलं. तो हसला. दुकानाचा कॉम्प्युटर भंगारात गेला. ज्याच्याकडून तो फाइल घ्यायचा, त्या लातूरच्या मुलानं धंदा सोडला, हार्ड डिस्क फॉरमॅट करून भाच्याला कॉलेजसाठी दिली.

चरणजित सिंग यांची रेकॉर्ड आपटली, पण ती रेकॉर्ड होती. काळी, गोल, जड. वीस वर्षं दुकानात धूळ खात पडून राहता आली, म्हणून कुणाच्या तरी हाताला लागली. मेमरी कार्डाला धूळ खाणंही जमत नाही. ते हरवतं, किंवा त्यावर लग्नाचे फोटो येतात.

यावर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणणारे आहेत आणि त्यांचंही ऐकायला हवं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. भिंतीसमोर आवाज शंभरीपार सहज जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं शंभर डेसिबल आठवड्याला वीस मिनिटांच्या वर ऐकू नये. आतेभावाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, वय बत्तीस. घरात कुणी त्यावर बोलत नाही, टीव्हीचा आवाज तेवढा वाढलेला असतो. मी पुण्याहून फोमचे इअरप्लग नेले होते. ‘हे घातल्यावर मिक्स कसं कळणार?’ म्हणाला. मी म्हटलं, युरोपातले डीजे घालतात. तेव्हा कुठे खिशात ठेवले. खिशात!

निघायच्या आदल्या रात्री आम्ही आत्याच्या माळ्यावरून एक बिस्किटाचा डबा काढला. त्यात अकरा कार्डं निघाली. सात उघडलीच नाहीत. दोन रिकामी. एकात आत्याच्या देवदर्शनाचे फोटो. शेवटच्या कार्डात एकशे चौदा फाइल निघाल्या, बहुतेकांचं नाव ‘न्यू’ किंवा ‘फायनल’ किंवा ‘न्यू फायनल २’. कुणी केलंय ते आतेभाऊ नुसत्या ठेक्यावरून सांगत गेला आणि मी एकेका फाइलचं नाव बदलत गेलो. चाळीसपर्यंत पोचलो होतो, तोवर गाडीची वेळ झाली. उरलेलं तो फोनवरून सांगणार आहे, उजवा कान लावून.