कॅमेऱ्यामागची लेक

जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरात दहावी-अकरावीतली मुलगी 'मला चित्रपट करायचा आहे' असे म्हणाली, तर तिला नटी व्हायचे आहे असेच घरचे गृहीत धरतात. तिला कॅमेऱ्यामागे उभे राहायचे असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. आले, तरी पैशाचा प्रश्न पुढे उभा राहतो.

वस्तुतः भारतीय चित्रपटाचा प्रारंभच एका घरातून झाला. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. त्यात ना नट होते, ना देखावे. तरी त्या इवल्याशा पटाने भांडवल मिळण्यास हातभार लावला. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई फाळके करीत. पडद्यावर आलेल्या दुर्गाबाई व कमलाबाई या मायलेकींची नावे इतिहासाने जपली. पडद्यामागच्या या गृहिणीचे स्मरण किती जणांना आहे?

साधनांच्या तुटवड्याचे उत्तर तर खानदेशातच आहे. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश जुळवून, छायाचित्रांत निसर्गदृश्ये उभी केली. नजर तयार असली की टेबलही पुरते.

आज घरातला मोबाइल हाच कॅमेरा आहे. मुलींनी आरंभ तीन-चार मिनिटांच्या पटाने करावा. विषय दाराशीच आहेत. आजीच्या तोंडची भुलाबाईची गाणी, कानबाईचा उत्सव, रावेर-यावलच्या केळीबागेतले मजूर, अहिराणीतली एखादी गोष्ट. खिडकीतला सकाळचा उजेड दिव्यांचा खर्च वाचवितो. मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवला की चित्र हलत नाही. नवख्यांचे पट बहुधा आवाजात फसतात; म्हणून पंखा बंद करावा आणि दुसरा मोबाइल बोलणाऱ्याजवळ ठेवून आवाज वेगळा घ्यावा. ज्याचे चित्रण करावयाचे, त्याची संमती आधी घ्यावी.

मोबाइलविषयी पालकांना वाटणारी चिंता निराधार नाही. परंतु तो हिसकावून घेतल्याने ती मिटेल काय? तासन्‌तास नुसते पाहत बसणारी मुलगी इतरांनी रचलेल्या चित्रांची गिऱ्हाईक होते. स्वतः चार दृश्ये रचणाऱ्या मुलीला कोणते चित्र कशासाठी रचले आहे, हे उमगू लागते. हा विवेक धाकाने येत नाही, हाताला काम मिळाल्याने येतो.

तेव्हा येत्या सुट्टीत आई-वडिलांनी एवढेच करावे. मोबाइल लेकीच्या हाती द्यावा, विषय तिला निवडू द्यावा आणि तयार झालेला पट शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून एकत्र पाहावा. खानदेशातील बायकांचे जगणे आजवर पुष्कळदा इतरांनी दाखविले; आता ते त्यांच्या लेकींच्या नजरेतून दिसू द्या.